अणूच्या पोटातली बंद पडलेली सफर : ॲनाहाइम ते ऑरलँडो, पाच दिवस

५ ऑगस्ट १९६७ ते २ सप्टेंबर १९८५ एवढ्या काळात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये एक राइड चालली. तिचं नाव ‘ॲडव्हेंचर थ्रू इनर स्पेस’. माणूस आकसत जातो, हिमकणात शिरतो, तिथून पाण्याच्या रेणूत आणि शेवटी प्राणवायूच्या अणूपर्यंत पोहोचतो, अशी ती कल्पना होती. राइड गेली, पण तिच्यासाठी पहिल्यांदा वापरलेली ‘ऑम्निमूव्हर’ ही यंत्रणा, म्हणजे जोडलेल्या गाड्यांची न थांबणारी साखळी, आजही रोज हजारो माणसं वाहते. म्हणून हा प्रवास दोन भागांत केलेला बरा. जागा ॲनाहाइममध्ये पाहायची आणि यंत्र जिथे जिथे जिवंत आहे तिथे बसून समजून घ्यायचं.

पहिला दिवस : टुमॉरोलँड

लॉस एंजेलिसच्या मोठ्या विमानतळावरून ॲनाहाइम साधारण ५५ किलोमीटर आहे, सँटा ॲनाच्या जॉन वेन विमानतळावरून त्याच्या निम्म्याहूनही कमी. फक्त डिस्नेलँडच पाहायचं असेल तर दुसरा विमानतळ सोयीचा. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. निघण्याआधी दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइड्सची यादी जरूर पाहावी, कारण या प्रवासातल्या निम्म्या गोष्टी एकाच यंत्रणेवर चालतात आणि त्यांना नेमाने लांबलचक दुरुस्तीसाठी विश्रांती दिली जाते.

मुख्य रस्त्याने आत येऊन गोल चौकात पोहोचलं की उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, टुमॉरोलँड हा भविष्यकाळाचा विभाग. तोंडाशीच समोरासमोर दोन लांबट इमारती आहेत. उजवीकडच्या, दक्षिणेच्या इमारतीत आज ‘स्टार टूर्स’ ही अवकाशसफरीची राइड आहे. आपली राइड इथेच होती. दर्शनी भिंत उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे तिच्यावर थेट ऊन फारसं पडत नाही. फोटो सपाट येतात आणि मागचं आकाश पांढरं पडतं, त्यामुळे तिरक्या कोनातून काढावेत. १९६७ मध्ये दोन्ही इमारतींवर डिस्नेच्या चित्रकार मेरी ब्लेअर यांची सिरॅमिक टाइलची भव्य भित्तिचित्रं होती. दक्षिणेचं चित्र स्टार टूर्स आलं तेव्हा झाकलं गेलं, उत्तरेचं १९९८ मध्ये.

प्रायोजक होती मोन्सँटो ही रसायन कंपनी. तिचा डिस्नेलँडशी संबंध पार्क उघडलं त्या वर्षापासूनचा, १९५५ चा. तेव्हा तिचं ‘हॉल ऑफ केमिस्ट्री’ नावाचं, चालत बघायचं, फुकट प्रदर्शन होतं. ते १९६६ मध्ये बंद झालं आणि रसायनशास्त्र भिंतीवरच्या तक्त्यांऐवजी बसून अनुभवायची राइड झाली. डिस्नेच्या अनेक राइड्सप्रमाणे इथेही आरेखन क्लॉड कोट्स यांचं. प्रदर्शन बंद झालं ते १९६६ आणि राइड उघडली ते १९६७ ही दोन्ही वर्षं एकत्र ठेवली की राइडचा हेतू कळतो. विज्ञान शिकवण्याइतकंच, ‘रसायन’ हा शब्द ऐकून लोकांनी दचकू नये हेही तिचं काम होतं. बाहेर पडताना कंपनीच्या उत्पादनांचं दालन लागे आणि रेणूंचं कौतुक करणारं गाणं वाजत असे.

पाहुणा आत आला की समोर ३७ फूट लांबीचा ‘मायटी मायक्रोस्कोप’ उभा. निळ्या रंगाच्या अंडाकृती गाड्या, ज्यांना ‘ॲटमोबिल’ म्हणत, एकामागोमाग एक त्या सूक्ष्मदर्शकाच्या पोटात शिरत. दुसऱ्या टोकाला काचेची नळी होती आणि त्या नळीतून बोटभर उंचीच्या बाहुल्या बसलेल्या चिमुकल्या गाड्या पुढे सरकताना दिसत. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘आत गेलेले लोक आकसले’ हे सांगायला याहून वेगळं काही लागत नव्हतं. अख्ख्या राइडमधली ही सगळ्यात हुशार युक्ती. ती पाहायला राइडमध्ये बसावंही लागत नसे.

आत गाडी अंधारातून जाई. आधी हिमकणांचं वादळ, मग एकाच हिमकणाच्या भिंती, मग स्फटिकात ओळीने बसलेले पाण्याचे रेणू, मग रेणूच्या आत अणू आणि त्याभोवती भिरभिरणारे प्रकाशाचे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन. शेवटी केंद्रक लाल होऊन धडधडताना दिसे. निवेदक तिथून पुढे जायला कचरतो आणि परत फिरतो. परतीच्या वाटेवर रेणू सैरभैर होऊ लागतात, कारण हिमकण वितळतोय. आणि एकदम वरून, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून, एक प्रचंड डोळा खाली बघताना दिसतो.

विज्ञान कितपत बरोबर होतं? स्फटिकाचा भाग चांगला. बर्फात प्रत्येक रेणूला चार शेजारी असतात, षट्कोनी जाळं होतं, वितळताना ते मोडतं. राइडने हे नीट दाखवलं. प्रमाणाची मात्र वाट लागली होती, आणि ते अटळच होतं. पाच मिलिमीटरच्या हिमकणापासून ०.२८ नॅनोमीटरच्या रेणूपर्यंत यायला जवळजवळ १.८ कोटी पट आकसावं लागतं. त्यापुढे केंद्रक एक सेंटीमीटरचं धरलं तर प्राणवायूच्या अणूचा व्यास दोनशे मीटरच्या वर जातो. म्हणजे खऱ्या प्रमाणात बांधलं असतं तर त्या इमारतीत अणूचा एक कोपराही मावला नसता आणि केंद्रक कुणाला दिसलंही नसतं. शिवाय साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास असते, रेणू त्यातून दिसणं शक्यच नाही. ठिपक्यांसारखे पळणारे इलेक्ट्रॉन हीदेखील जुनी, सोयीची कल्पना. एवढं सगळं माफ करूनही राइड टिकली असती. ती पडली ती दुसऱ्याच कारणाने, पण ते उद्या.

टुमॉरोलँड सोडण्याआधी दोन अवशेष. वर बघितलं तर काँक्रीटचा रिकामा मार्ग इमारतींमधून फिरतो. तो पीपलमूव्हरचा. १९६७ पासून १९९५ पर्यंत छोट्या गाड्या त्यावरून संथपणे जात आणि मधल्या खिडकीतून प्रवाशांना आमच्या राइडची झलक दिसे. मार्गात बसवलेली रबरी टायरं विजेच्या मोटरांवर फिरत आणि गाड्यांना पुढे ढकलत. १९९८ मध्ये याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ नावाच्या वेगवान गाड्या सोडल्या. वळणांना उतार दिलेला नव्हता, त्यामुळे गाडीला सरळ तुकड्यावर पळायचं आणि प्रत्येक वळणाआधी करकचून ब्रेक मारायचा. टायरं झिजली, बिघाड वाढले, २००० मध्ये खेळ आटोपला. संथ चालण्यासाठी बांधलेल्या मार्गाला वेग मानवत नाही, इतकं साधं गणित होतं.

दुसरा अवशेष टुमॉरोलँडच्या तोंडाबाहेर, मॅटरहॉर्न या डोंगराच्या आकाराच्या राइडच्या बाजूला, पिक्सी हॉलोच्या बागेत. मोन्सँटोचं प्लास्टिकचं ‘हाउस ऑफ द फ्यूचर’ १९५७ ते १९६७ इथे होतं. पाडायला आणलेला लोखंडी गोळा फायबरग्लासच्या भिंतींवर आपटून परत उसळला. एका दिवसाचं काम दोन आठवडे चाललं. काँक्रीटचा पाया काही निघाला नाही. तो हिरवा रंगवून झाडीत बसवला आहे. शोधताना पाण्याच्या कडेने, झुडपांच्या मागे बघावं.

दुसरा दिवस : साखळी समजून घेणे

आजचा दिवस यंत्राचा. सकाळी पहिल्या तासात ‘हाँटेड मॅन्शन’ या भुतांच्या वाड्याच्या राइडला जावं. कारण फक्त गर्दी नाही. रिकाम्या रांगेत चढण्याच्या फलाटावर थोडं रेंगाळता येतं आणि यंत्रणा तिथेच सगळ्यात चांगली दिसते.

ऑम्निमूव्हर म्हणजे रहाटाच्या पोहऱ्यांसारखी एकमेकींना जोडलेल्या गाड्यांची न संपणारी माळ. डिस्नेचे आरेखक बॉब गर आणि जॉन हेंच यांची ही कल्पना. त्याआधी १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात फोर्डच्या दालनात खऱ्या मोटारींना फिरत्या चाकांनी ढकलून प्रदर्शन दाखवलं होतं. तिथला धडा असा की माणसं सतत सरकत राहिली तर रांग साचत नाही. ऑम्निमूव्हरने त्यात एक भर घातली. गाडीने कुठे बघायचं तेही मार्गच ठरवणार.

त्याची रचना अशी. जमिनीखाली रूळ, त्यावर प्रत्येक गाडीची चाकं. बाजूने आणखी एक मार्गदर्शक पट्टी, जिच्यावर गाडीखालचा दांडा घासत जातो. पट्टी जवळ आली की दांडा दाबला जाऊन गाडी एका बाजूला वळते, दूर गेली की परत येते. वळवायला मोटर नाही, संगणक नाही, नुसता वाकवलेला लोखंडी मार्ग. म्हणून दर वेळी तीच गाडी त्याच क्षणी त्याच दिशेला बघते. दिग्दर्शकाने कॅमेरा फिरवावा तसं प्रेक्षकाचं डोकं फिरवायचं हे साधन आहे. गाडीच्या उंच पाठीमुळे शेजारची गाडी दिसत नाही, कानाशी स्पीकर असतो, त्यामुळे निवेदन फक्त आपल्याशी बोलल्यासारखं वाटतं.

फलाटावर काय पाहायचं? गाडीच्या वेगानेच सरकणारा पट्टा. पाय ठेवताना पुढे बघायचं, खाली नाही, नाहीतर तोल जातो. गाड्यांमधलं अंतर घड्याळात मोजावं. समजा दर अडीच सेकंदाला एक गाडी आली आणि तीत दोघे बसले, तर मिनिटाला ४८ आणि तासाला २,८८० माणसं. आता स्टार टूर्सशी तुलना करा. तिथे चार सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावरच्या चित्रपटाबरोबर हलणाऱ्या खोल्या, प्रत्येकी ४० जागा. एक फेरी, चढउतारासकट, सहा मिनिटांची धरली तर तासाला १,६०० माणसं. आकडे आपल्या घड्याळावरचे वेगळे निघतील, पण अंतर एवढंच मोठं राहील.

साखळीची कमजोरीही याच फलाटावर दिसते. एकीला अडचण आली की सगळ्या थांबतात. व्हीलचेअरवरून कुणाला बसवायचं असेल तर साखळी मंद होते किंवा थांबते आणि आत अंधारात बसलेल्यांना निवेदक शांत बसायला सांगतो. दिवसातून अनेकदा होणारी ही गोष्ट आहे, बिघाड नव्हे. वेळापत्रक आखताना राइडच्या वेळेत पाच-सात मिनिटं जास्त धरावीत.

आत बसल्यावर तीन ठिकाणी लक्ष ठेवा. लांब दालनासमोर गाडी थोडी वळून तुम्हाला आत बघायला लावते. भोजनगृहात ती पूर्ण आडवी होते. माळ्यावरून बाहेर पडताना पाठमोरी होऊन उतारावर जाते, त्यामुळे उतार डोळ्यांना दिसत नाही, फक्त पाठीला जाणवतो. आणि निवेदकाचा आवाज नीट ऐका. तो पॉल फ्रीस यांचा. इनर स्पेसमधल्या आकसत जाणाऱ्या शास्त्रज्ञाचा आवाजही त्यांचाच होता. हाँटेड मॅन्शन ९ ऑगस्ट १९६९ ला उघडलं, म्हणजे अणूच्या राइडनंतर दोनच वर्षांनी. गाड्या निळ्याच्या काळ्या झाल्या, अणूच्या जागी भुतं आली, आवाज तोच राहिला.

दुपारी स्टार टूर्समध्ये बसा. उंचीची अट ४० इंच. पोट नाजूक असेल तर जेवणाआधी जा. ९ जानेवारी १९८७ ला ही राइड उघडली तेव्हा पार्क सलग ६० तास चालू ठेवलं होतं. खर्च ३.२ कोटी डॉलर सांगितला जातो, म्हणजे १९५५ मध्ये अख्खं पार्क उभारायला लागलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्या आवृत्तीच्या चित्रपटात यान हँगरमधून निघताना उजव्या बाजूला मायटी मायक्रोस्कोप ठेवलेला दिसत असे. जुन्या भाडेकरूला नव्या मालकाने केलेला हा नमस्कार २०१० मध्ये पहिली आवृत्ती बंद झाली तेव्हा गेला. रांगेत दिसणारे दोन बडबडे यंत्रमानव मात्र निरखून बघा. त्यांचे सांगाडे शेजारच्या ‘अमेरिका सिंग्ज’ या कार्यक्रमातल्या यांत्रिक हंसांचे आहेत, पिसं काढलेले.

आता कालचा राहिलेला प्रश्न. सुरुवातीला इनर स्पेस फुकट होती. १९७२ मध्ये तिच्यासाठी ‘सी’ तिकीट लागू लागलं, म्हणजे ए ते ई या पाच दर्जांतलं मधलं. मोन्सँटो १९७७ पर्यंत प्रायोजक राहिली. त्यानंतर खर्चाला वाटेकरी उरला नाही. भरीला अडचण अशी की तासाला हजारो माणसं सरकवणाऱ्या राइडला रांगच लागत नाही, आणि रांग नसली की हिशेबवाल्यांना ती ‘लोक विसरलेली’ वाटते. १९८२ मध्ये तिकिटांची पुस्तकं बंद होऊन सरसकट प्रवेश आला, तेव्हा एका राइडने किती कमावलं हे मोजणंही संपलं. संथ, काळोखी, कायम मोकळी आणि प्रायोजकाविना. मोठ्या इमारतीची गरज असलेल्या नव्या राइडसाठी ही जागा उचलणं सगळ्यात सोपं होतं. तिचं विज्ञान जुनं झालं म्हणून ती गेली, असं म्हणणाऱ्यांनी हाँटेड मॅन्शनमधल्या भुतांचं वय एकदा तपासावं.

संध्याकाळी समोरच्या इमारतीतलं ‘बझ लाइटइयर ॲस्ट्रो ब्लास्टर्स’. तीच साखळी, पण इथे गाडी फिरवायची कांडी प्रवाशाच्या हाती. पट्टीवरच्या दांड्याची हुकूमत गेली. त्यामुळे गोष्ट सांगता येत नाही, खेळ खेळता येतो.

तिसरा दिवस : शेजारचं पार्क आणि विमान

दोन्ही पार्कांच्या प्रवेशद्वारांमध्ये फक्त एक पटांगण आहे. कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमधली ‘लिटल मरमेड’ची राइड सकाळीच उरकावी. शिंपल्यांच्या आकाराच्या गाड्या, खाली ऑम्निमूव्हर. पाण्याखाली ‘बुडण्याचा’ क्षण येतो तेव्हा गाडी पाठमोरी होऊन खाली घसरते, म्हणजे मॅन्शनच्या माळ्यावरचीच युक्ती. ही राइड ३ जून २०११ ला उघडली, त्याच दिवशी शेजारी नव्या चित्रपटाचं स्टार टूर्सही सुरू झालं. दुपारचं विमान ऑरलँडोला. तीन तासांचा कालफरक पुढे जातो, म्हणून संध्याकाळ हातात धरू नये.

चौथा दिवस : मॅजिक किंगडम

ऑरलँडोच्या या डिस्ने पार्कमध्ये आज एकच जागा पुरे. इथल्या टुमॉरोलँडमधल्या ‘बझ’च्या इमारतीत १९७२ ते १९८७ या काळात ‘इफ यू हॅड विंग्ज’ नावाची ईस्टर्न एअरलाइन्सची राइड होती. ती विज्ञानाची नव्हती, प्रवासाची होती, पण ऑम्निमूव्हर आणि क्लॉड कोट्स दोन्ही इथेही. प्रायोजक गेला, राइड गेली, साखळी ठेवून १९९८ मध्ये बझ आलं.

खरा फायदा पीपलमूव्हरचा. ॲनाहाइमचा बंद पडला तरी इथला १९७५ पासून चालू आहे. टायरांऐवजी मार्गात बसवलेल्या रेखीय विद्युत मोटरांवर चालतो, घासणारा भाग कमी, म्हणून टिकला. तो ज्या खिडकीवरून जातो तिच्यातून बझच्या गाड्यांची माळ बाहेरून दिसते. एकदा आतून बसून झाल्यावर बाहेरून पाहिली की प्रत्येक गाडीचं वेगवेगळं तोंड एकाच नजरेत येतं. दुपारनंतर रांग वाढते, सकाळी लगेच बसायला मिळतं.

पाचवा दिवस : एपकॉट

एपकॉटला, म्हणजे ऑरलँडोतल्याच दुसऱ्या डिस्ने पार्कला, वैज्ञानिक राइड्सचं कब्रस्तान म्हणतात ते अगदीच खोटं नाही. आज पाहायच्या तिन्ही बंद राइड्सच्या जागा पूर्वेकडच्या एकाच पट्ट्यात आहेत, चालायला तासही लागत नाही. पण आधी दारातल्या १६५ फूट व्यासाच्या गोलातली ‘स्पेसशिप अर्थ’ घ्या. १ ऑक्टोबर १९८२ पासूनचा ऑम्निमूव्हर. गाड्या गोलात चढत वर जातात आणि शिखरावर पूर्ण वळून पाठमोऱ्या उतरतात. चढ तीव्र असल्याने साखळी थांबली की मान मागे टेकून बसावं लागतं. मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. सकाळी दारातच असल्यामुळे सगळी गर्दी इकडे वळते, दुपारी उशिरा रांग अर्ध्यावर येते.

‘मिशन : स्पेस’ जिथे आहे तिथे १ ऑक्टोबर १९८३ ला ‘होरायझन्स’ उघडली होती. गाड्या वरच्या रुळाला टांगलेल्या, आडव्या सरकणाऱ्या, चौघांच्या. वाळवंटातल्या शेताच्या देखाव्यात संत्र्यांचा वास सोडत. शेवटी बटणं दाबून वाळवंट, समुद्र की अवकाश हे गाडीतल्या बहुमताने ठरे. जनरल इलेक्ट्रिकने १९९३ मध्ये प्रायोजकत्व सोडलं, राइड १९९४ अखेरीस थांबली, शेजारच्या राइड्स बंद असल्याने १९९५ च्या नाताळात पुन्हा चालू झाली आणि ९ जानेवारी १९९९ ला कायमची गेली. इमारत पाडली. मिशन : स्पेसच्या रांगेत मोठं गुरुत्व-चक्र लागतं, त्याच्या मध्यभागी होरायझन्सचं चिन्ह आहे. चक्र फिरत असतं, त्यामुळे फोटो काढायला शटर वेगवान ठेवा.

त्याच्या शेजारचा घुमट ‘वंडर्स ऑफ लाइफ’चा. १९८९ मध्ये इथे ‘बॉडी वॉर्स’ आली. रक्तवाहिन्यांतून प्रवास, स्टार टूर्सचेच ४० जागांचे सिम्युलेटर. मळमळीसाठी ती बदनाम होती आणि कारण यांत्रिक आहे. स्टार टूर्सच्या अवकाशात डोळ्यांना दूरवरचे तारे धरायला मिळतात. इथे चहूबाजूंनी जवळच्या, लडबडणाऱ्या भिंती आणि हृदयाच्या ठोक्याला धरून पुढे-मागे हिसके. डोळे एक सांगतात, तोल सांभाळणारा आतला कान दुसरं. मेटलाइफ या विमा कंपनीने २००१ मध्ये प्रायोजकत्व सोडलं, पुढे दालन फक्त गर्दीच्या हंगामात उघडू लागलं, १ जानेवारी २००७ ला राइड थांबली. प्रायोजकाचा करार कधी संपतो ते पाहिलं की राइडचं आयुष्य किती उरलं याचा अंदाज बांधता येतो, हे मोन्सँटोपासून इथपर्यंत खरं ठरलं आहे.

पट्ट्याच्या टोकाला ‘युनिव्हर्स ऑफ एनर्जी’ची इमारत. प्रत्येकी ९७ जणांची फिरती प्रेक्षागृहं जमिनीत बसवलेल्या बारीक तारेच्या मागावर चालत, छतावर सौर पॅनेल. १३ ऑगस्ट २०१७ ला बंद. २०२२ पासून तिथे ‘कॉस्मिक रिवाइंड’ ही कोस्टर आहे आणि तिच्या यंत्रणेचं नावच ‘ऑम्निकोस्टर’. गाड्या वेगात धावतानाही हव्या त्या देखाव्याकडे तोंड फिरवतात. निळ्या ॲटमोबिलची कल्पना, फक्त आता ताशी दोन-तीन किलोमीटरवर नाही. उंचीची अट ४२ इंच. गाडी सतत वळत असल्याने दिशा आधी ओळखता येत नाही, म्हणून बॉडी वॉर्ससारख्या राइडने त्रास होणाऱ्यांनी नजर समोरच्या गाडीच्या पाठीवर ठेवावी, पडद्यांवर नाही, आणि बसण्याआधी निदान तासभर काही खाऊ नये.